जुन्या उघड्या गाडीचा हूड: डबल डक, मोहेअर की व्हिनाइल?

घडीचा_टप

नमस्कार. माझ्याकडे १९४८ सालची एमजी टीसी ही ब्रिटिश उघडी गाडी आहे. गेली तीन वर्षे तिचे इंजिन, ब्रेक आणि बॉडीच्या सांगाड्यातले कुजलेले ॲशचे लाकूड यांवर काम चालू होते. आता फक्त हूड, म्हणजे घडी घालता येणारे कापडी छत, राहिला आहे. हे काम सर्वांत सोपे असेल अशी माझी समजूत होती, ती कापडांचे नमुने घरी येऊन पडल्यावर दूर झाली.

सध्या गाडीवर काळ्या व्हिनाइलचा हूड आहे. तो मूळचा नाही, आधीच्या कोणा मालकाने बसवून घेतलेला आहे. तो इतका आक्रसला आहे की त्याची पुढची कड समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत ओढायला दोन माणसे लागतात. घड्यांच्या जागी भेगा पडल्या आहेत आणि हूडच्या सांगाड्यातल्या मागच्या कमानीवर, डाव्या बाजूला, तो वीतभर फाटला आहे. उजव्या बाजूला त्याच जागी साधा ओरखडाही नाही. व्हिनाइल म्हातारे झाले म्हणून फाटले, असे मी धरून चाललो आहे.

मागच्या लाकडी पट्टीतल्या जुन्या चुका उपसत असताना (दोन्ही अर्थांनी चुकाच) एका गंजलेल्या चुकेखाली काडेपेटीएवढा कापडाचा तुकडा सापडला. त्याच्या दोन्ही अंगांना खाकीकडे झुकणारे सुती कापड दिसते आणि मधोमध काळा थर आहे, जो आता बोटाने दाबला की भुगा होतो. हे मूळचे डबल डक, म्हणजे दोन सुती थरांमध्ये रबर घातलेले कापड, असावे असा माझा तर्क आहे.

माझ्यासमोर चार नमुने आहेत: पहिला बदामी रंगाचे डबल डक, दुसरा काळे 'मोहेअर', तिसरा व्हिनाइल आणि चौथा काळे ॲक्रिलिक कॅनव्हास. चौथा वरून अगदी मोहेअरसारखा दिसतो, पण बराच स्वस्त आहे. तो होड्यांच्या आणि दुकानांपुढच्या छतांसाठी वापरतात, असे विकणाऱ्याने सांगितले.

गाडी महिन्यातून दोनतीनदा बाहेर निघते. हूड एरवी खालीच असतो, पण वाटेत पाऊस लागला तर तो उपयोगी पडायला हवा. गाडी तिच्या काळाला शोभेल अशी दिसावी असे वाटते, तरी प्रदर्शनात बक्षीस मिळवण्याचा विचार नाही. यांपैकी कोणते कापड निवडावे, दोरा कोणता वापरावा आणि हूड घरी शिवणे शक्य आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

वंगण

आपल्या नमुन्यांकडे वरच्या बाजूने पाहणे आधी थांबवावे, असे मी सुचवीन. हूडच्या कापडात पाणी अडवण्याचे काम वरचा थर फारसा करत नाही, ते मधला थर करतो. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली नॅफ्थात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. डबल डक काय किंवा मोहेअर काय, दोन्ही आजही त्याच कल्पनेवर उभी आहेत. फरक इतकाच की मॅकिंटॉश यांचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठरे. गुडइयर यांनी १८४४ साली ज्याचे पेटंट घेतले त्या व्हल्कनीकरणानंतर, म्हणजे रबर गंधकाबरोबर तापवण्याच्या प्रक्रियेनंतर, हा त्रास संपला. तरीही नैसर्गिक रबराला हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हळूहळू खातोच, आणि आपल्याला सापडलेल्या तुकड्यातला भुगा हा त्याचाच पुरावा आहे. १९३७ साली ब्यूटाइल हे कृत्रिम रबर तयार झाले. ते ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ कमी दाद देते आणि हवाही फार कमी जाऊ देते, म्हणूनच ते टायरांच्या ट्यूबसाठी वापरले गेले. आज चांगल्या प्रतीच्या हूडच्या कापडात मधला थर बहुधा ब्यूटाइलचा असतो. विकणाऱ्याला पहिला प्रश्न रंगाचा न विचारता या थराचा विचारावा.

आता चौथ्या नमुन्याबद्दल. तो तोंडाशी घट्ट धरून जोराने फुंकून पाहावा, आणि पलीकडे गालाला वारा लागला तर त्याच्या पोटात रबर नाही असे समजावे. छतांसाठी विणलेले ॲक्रिलिक पाणी अडवते ते दाट विणीच्या आणि वर दिलेल्या प्रक्रियेच्या जोरावर. उतरत्या स्थिर छतावर तेवढे पुरते. गाडीचा वेग मात्र पावसाच्या थेंबाला कापडावर आपटतो, शिवाय कापड आतून कमानीला टेकलेले असते, आणि नेमके त्या टेकलेल्या रेषेवर पाणी झिरपू लागते. वरून हुबेहूब मोहेअर दिसणारे हे कापड अनेकांना फसवते. मीही एकदा फसलो आहे, आणि त्या प्रवासात माझ्या मांडीवर पडणारे थेंब मी मोजत होतो.

'मोहेअर' या नावाबद्दलही थोडे स्पष्टीकरण हवे. मोहेअर म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस. हूडचे कापड म्हणून आज या नावाने जे विकले जाते त्यात बहुतेक वेळा शेळीचा एक केसही नसतो: वर ॲक्रिलिक, मध्ये रबर, आत सुती किंवा पॉलिएस्टरचे अस्तर. याचा अर्थ ते वाईट आहे असा नाही. उन्हात टिकण्याच्या बाबतीत ॲक्रिलिक सुतापेक्षा कितीतरी सरस आहे, विशेषतः धागा काढण्याआधी द्रावणातच रंग मिसळला असेल तर, कारण मग रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत गेलेला असतो. विणून झाल्यावर रंगवलेले सुती कापड ऊन खाल्ल्यावर फिकटते. मात्र ॲक्रिलिकचा धागा बाजारात व्यापारी प्रमाणात आला तो १९५० च्या सुमारास. तेव्हा १९४८ च्या गाडीवर ते मूळचे असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपला तर्क तपासून पाहायचा असेल तर सापडलेल्या तुकड्याचा एकच धागा सुईने उसवून चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख मागे ठेवते. लोकर किंवा खरे मोहेअर असेल तर केस जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळत जळते आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. हा प्रयोग फक्त धाग्यावर करावा, तोही मोकळ्या हवेत. मागच्या खिडकीचा पिवळा पडलेला जुना पारदर्शक पत्रा कुठे सापडला तर त्याला चुकूनही काडी लावू नये, कारण तो सेल्युलॉइडचा असू शकतो आणि सेल्युलॉइड भडकते.

माझे मत पहिल्या नमुन्याच्या बाजूने आहे. बंद गॅरेजात राहणाऱ्या आणि महिन्यातून दोनतीनदा निघणाऱ्या गाडीवर सुती हूडचा रंग विटायला पुष्कळ काळ लागेल, आणि विटला तरी तो जुन्या गाडीवर बरा दिसतो.

जाता जाता एक सूचना: अमेरिकी विक्रेत्यांच्या याद्या चाळताना 'हूड' हा शब्द शोधू नये. त्यांच्याकडे हूड म्हणजे आपले बॉनेट, आणि आपल्या हूडला ते 'टॉप' म्हणतात.

चिंब

व्हिनाइलची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. एमजीबीसारख्या १९६० नंतरच्या गाड्यांवर व्हिनाइल हेच मूळचे कापड आहे, आणि त्यांच्यावर मोहेअर चढवणे ही खरे तर हौस आहे. ते फडक्याने पुसता येते, त्याच्यावर पक्ष्यांची विष्ठा डाग धरत नाही, आणि त्याचे तुकडे उष्णतेने सांधले तर सुईचे एकही भोक पडत नाही. माझी गाडी उघड्यावर उभी असते. माझ्यासारख्याला व्हिनाइलशिवाय पर्याय नाही.

आपल्या हूडचा आक्रस मात्र व्हिनाइलच्या स्वभावात आहे. त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे उडून जाते, मग ते आक्रसते आणि घडीवर तडकते. थंडीत त्याची घडी घालणे म्हणजे भेगेला आमंत्रण देणे. बसवतानाही ते उबदार हवेत, थोडा वेळ उन्हात पसरून, मऊ करून ताणावे लागते. थंड हवेत ताणून बसवलेले व्हिनाइल पहिल्याच उन्हात ढिले पडते. आपला हूड बहुतेक वेळ घडी घालून ठेवलेला असतो, त्यामुळे आपल्या गाडीसाठी मी व्हिनाइल सुचवणार नाही. फक्त ते सरसकट कमी प्रतीचे मानू नये, एवढेच म्हणणे आहे.

घडीचा_टप

दोघांचेही आभार. चौथा नमुना लगेच फुंकून पाहिला, आणि पलीकडे धरलेली मेणबत्तीची ज्योत सरळ आडवी झाली. पहिल्या तिन्हींच्या पलीकडे ती हललीही नाही. जुन्या तुकड्याचा धागा कागदासारखा जळाला आणि राख फुंकरीने उडाली, तेव्हा ते सूतच आहे.

एक शंका राहते. मोहेअर 'श्वास घेते' आणि त्यामुळे गाडीत दमटपणा साचत नाही, असे मी पुष्कळदा ऐकले आहे. डबल डकमध्ये ही सोय नसेल तर काय करावे?

वंगण

मध्ये रबराचा थर असलेले कोणतेही कापड श्वास घेत नाही, आणि आपल्या मेणबत्तीने ते आत्ताच दाखवून दिले आहे. चारांपैकी खरोखर श्वास घेणारे कापड एकच होते, आणि ते आपण बाद केले. दमटपणाचा उपाय कापडात नाही, सवयीत आहे: भिजलेला हूड कधीही घडी घालून ठेवू नये. घरी आल्यावर तो उभा करून, ताणलेल्या स्थितीत, पूर्ण वाळू द्यावा. सुतावर बुरशी आनंदाने वाढते, आणि पुष्कळशा मोहेअरचे अस्तर सुतीच असल्यामुळे तेही या नियमातून सुटत नाही.

जुना_कारागीर

मी अनेक वर्षे गाड्यांच्या गाद्या आणि हूड शिवत आलो आहे. कापडाबद्दल वर जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे फार नाही. परंतु माझ्याकडे जे गळके हूड दुरुस्तीला येतात त्यांतल्या बहुतेकांचे कापड शाबूत असते. ते गळतात शिवणीतून. मॅकिंटॉश यांच्या पहिल्या कोटांचीही हीच तक्रार होती: कापड पाणी अडवी, पण शिंप्यांच्या सुईने त्याला भोके पाडली की पाऊस आत येई.

म्हणून दोऱ्याची निवड कापडाइतकीच महत्त्वाची आहे. निव्वळ सुती दोरा भिजला की फुगतो आणि स्वतःचे भोक स्वतःच बुजवतो, परंतु उन्हाने आणि बुरशीने तो काही वर्षांत कुजतो. निव्वळ पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो, पण फुगत नाही. आत पॉलिएस्टरचा गाभा आणि वर सुताचे वेष्टन असलेला दोरा मिळतो, तो घ्यावा. त्यात दोन्ही गुण येतात आणि वरून तो जुन्या धाटणीचाही दिसतो. सुई ११० क्रमांकाची पुरे. टाका चार मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण ही कपड्यांच्या शिलाईतली समजूत इथे उलटी पडते, कारण जवळजवळ पडलेल्या भोकांमुळे कापड टपाल तिकिटाच्या कडेसारखे त्याच रेषेवर फाटते.

शिवण दोन्ही कडा एकमेकींत अडकवून, दुहेरी टीप मारून घालावी. तिची दुमड कौलांच्या नियमाने असावी: वरचे कापड खालच्यावर यावे आणि उघडे तोंड उताराकडे असावे, म्हणजे वाहते पाणी शिवणीत शिरत नाही. अशा शिवणीत कापडाचे चार थर येतात. डबल डक साधारण मिलिमीटरभर जाडीचे धरले तरी तिथे चार मिलिमीटर होतात, आणि कडेला गोट लावताना त्यात आणखी भर पडते. घरच्या यंत्राची सुई इथे वाकते किंवा टाका सोडते. वरून आणि खालून दोन्हीकडून कापड पुढे ओढणारे भक्कम यंत्र मिळत असेल तरच घरी शिवावे. नसेल तर कापणी आणि बसवणी स्वतः करावी आणि टीप तेवढी बाहेरून मारून घ्यावी.

कापताना सर्व तुकड्यांचा उभा धागा गाडीच्या लांबीच्या दिशेनेच ठेवावा. कापड वाचवण्यासाठी एखादा तुकडा आडवा किंवा उरेप कापला तर तो निराळ्या प्रमाणात ताणला जातो, आणि पहिल्या पावसानंतर नेमका तेवढाच भाग लोंबतो. मोहेअर घेतले असते तर त्याची लवही एकाच दिशेला ठेवावी लागली असती, नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

आता माझा मुख्य मुद्दा. जुना हूड उसवून त्याच्यावरून नवा बेतू नये. आपला हूड आक्रसलेला आहे, त्याच्यावरून कापलेला नवाही पहिल्याच दिवशी दोन माणसे मागेल. आधी सांगाडा पाहावा. कमानींमधले अंतर त्यांना जोडणारे नवारीसारखे पट्टे ठरवतात. ते कुजले किंवा असमान ताणले गेले तर कोणतेही कापड नीट बसणार नाही. पट्टे नवे घालावेत, गाडीचा मध्य दोरीने आखून घ्यावा आणि प्रत्येक कमानीचे दोन्ही टोकांकडून अंतर मोजावे. त्यानंतर मांजरपाटाचा कच्चा हूड टाचून पाहावा. मांजरपाट जिथे सुरकुततो तिथे चूक बेतण्यात असते, पण तो एकाच बाजूला ताणला जात असेल तर ती सांगाड्यात असते.

आपण लिहिले आहे की हूड फक्त डाव्या बाजूला, मागच्या कमानीवरच फाटला आहे. व्हिनाइल म्हातारे होते तेव्हा ते दोन्ही बाजूंनी सारखेच होते. मला हे वाचल्यापासून त्या कमानीबद्दल शंका आहे.

मूळप्रत

एक छोटी विनंती. तो काडेपेटीएवढा तुकडा टाकून देऊ नये. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत जुन्या वाहनांवरच्या कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. बदल करावा लागला तरी मूळ काय होते हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. त्या तुकड्यात सेंटिमीटरमागे उभे आणि आडवे धागे किती आहेत ते भिंगाखाली मोजावे. चुकेखाली दबलेला, ऊन न लागलेला भाग शोधून मूळ रंगाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, कारण बाहेरचा खाकी रंग हा विटलेला बदामी असण्याची शक्यता आहे. नमुना निवडताना त्या झाकलेल्या भागाशीच ताडून पाहावा. टिचबटणे आणि पट्ट्यांची बक्कलेही शक्यतो जुनीच साफ करून वापरावीत. नव्या कापडाला जुनी पितळी बटणे जितकी शोभतात तितकी नवी चकचकीत शोभत नाहीत, हे अर्थात माझे वैयक्तिक मत आहे.

वंगण

नोंदीच्या सूचनेला दुजोरा. साफसफाईबद्दल एक गोष्ट राहिली होती ती इथेच सांगतो: डबल डकवर डाग पडला म्हणून पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवू नये. डाग जातो, पण द्रव आत मुरून रबर फुगवतो, थर सुटतात आणि तिथे कापडाला फोड येतो, जो पुन्हा कधीच बसत नाही. कडा चिकटवण्यासाठी रासायनिक डिंक वापरतानाही हाच धोका असतो, म्हणून तो आधी कातरणीवर लावून एक दिवस वाट पाहावी. एरवी मऊ ब्रश, कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. जोरदार फवाऱ्याचे यंत्र हूडपासून दूरच ठेवावे.

घडीचा_टप

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मध्ये मांजरपाटाचा कच्चा हूड टाचण्यात वेळ गेला.

कापडाचा निर्णय झाला आहे. डबल डकच घेत आहे, मधला थर ब्यूटाइलचा आहे याची विकणाऱ्याकडून खात्री करून घेतली. जुन्या तुकड्याचा चुकेच्या डोक्याखालचा भाग खरोखर बदामी निघाला आणि पहिल्या नमुन्यापेक्षा किंचित गडद आहे, म्हणून त्याच कापडातली एक छटा पुढची मागवली आहे. दोरा पॉलिएस्टरच्या गाभ्याचा आणि सुती वेष्टनाचा. टीप बाहेरून मारून घेणार आहे. माझ्या यंत्राने चार थरांवर दोन सुया मोडल्या आणि तिसरी मोडण्याची मला इच्छा नाही.

कारागीर, आपली शंका खरी ठरली. मांजरपाट डाव्या बाजूला मागच्या कमानीवर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला आणि उजवीकडे सैल राहिला. मध्यरेषेवरून मोजले तेव्हा ती कमान डावीकडे बारा मिलिमीटर मागे निघाली. डाव्या बाजूचा पट्टा कोणीतरी तुटल्यावर पुन्हा शिवला होता, आणि त्या जोडात तो तेवढाच आखूड झाला होता. शिवाय कमानीच्या वरच्या अंगाला एका स्क्रूचे डोके बाहेर आलेले आहे, बोट फिरवले की लागते. व्हिनाइलची फाटलेली रेघ बरोबर त्याच्यावर येते.

स्क्रू आत बसवला आहे, त्याच्यावर नमद्याची पट्टी लावतो आहे, आणि दोन्ही पट्टे एकाच थानातून नवे कापले आहेत. मांजरपाट काल पुन्हा टाचला, तेव्हा पुढची कड मी एकट्याने चौकटीवर ओढून टिचबटणे लावू शकलो.